रोबोटिक्स टीमची वेबसाइट स्वतः बनवायची आहे, वर्डप्रेस घ्यावं की कोड शिकावं?

प्रश्नात लिहिलंय की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, रोबोकॉनची (आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांची रोबोट स्पर्धा) टीम आहे, साइट बाहेरून करून घ्यायची नाहीये पण सगळे मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सवाले, वेब कोणालाच येत नाही, तर वर्डप्रेस (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) की एचटीएमएल (पान लिहायचा कोड), आणि साइटवर टाकायचं काय. मी बडोद्याची, कॉलेजात रोबोकॉनच्या टीममध्ये होते आणि साइट माझ्याकडे होती, कारण कोणीतरी म्हणालं हिचं अक्षर चांगलंय (लॉजिक विचारू नका).

स्वतः करा. साधं एचटीएमएल-सीएसएस (सीएसएस म्हणजे पानाचे रंग-मांडणी), गिटहब पेजेसवर, म्हणजे गिटहबच्या कोड ठेवायच्या जागेवरूनच साइट चालवायची सोय. वर्डप्रेस वाईट नाहीये पण त्याच्या मागे कायम कोणीतरी लागतं, होस्टिंगचे पैसे भरा, प्लगिन (वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअर) अपडेट करा, पासवर्ड सांभाळा, आणि स्टुडंट टीममध्ये असा कायमचा माणूस नसतोच, फायनल इयरवाले परीक्षा झाली की गेले आणि त्यानंतर ते फोन उचलतील याचा काय भरवसा. मी एका टीमची साइट बघितलीये, वर्षभर कोणी लॉगिनच केलं नव्हतं, आणि रोबोटच्या जागी वजन कमी करायच्या गोळ्यांच्या जाहिराती. साध्या एचटीएमएलच्या पानाला प्लगिन नाही, डेटाबेस नाही, त्यामुळे गिटहबचं अकाउंट नीट सांभाळलं तर दोन वर्षं हात नाही लावला तरी ते तसंच उघडतं. आणि जे आर्डुइनोवर (छोटा कंट्रोलर बोर्ड) पीआयडी (मोटर नेमकी चालवायचं गणित) ट्यून करतात त्यांना एचटीएमएल अवघड नाही हो, सुट्टीच्या दोन-चार दिवसांचं काम आहे.

गिटहब पेजेस फुकट आहे, साइट १ जीबीपर्यंत चालते, एचटीटीपीएस (सुरक्षित कनेक्शन) तेच लावून देतात. पण काही गोष्टी दर बॅचला त्रास देतात त्या आधीच सांगते. विंडोजच्या लॅपटॉपवर 'रोबोट' हे फाइलचं नाव कॅपिटल आरने लिहा नाहीतर स्मॉलने, फोटो दिसतो, पण गिटहबवर त्या दोन वेगळ्या फाइली, म्हणून तुमच्याकडे सगळं छान आणि लाइव्ह साइटवर फोटो गायब. सगळी नावं स्मॉलमध्ये ठेवा, स्पेस नको, विषय संपला. १०० एमबीच्या वरची फाइल गिटहब घेतच नाही, त्यामुळे व्हिडिओ यूट्यूबवर टाकून साइटवर फक्त एम्बेड करा, म्हणजे तो पानातच चालताना दिसेल. फोनचा फोटो ४-५ एमबीचा असतो, तसे वीस फोटो गॅलरीत टाकले की पान उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन येतो, तर रुंदी १६०० पिक्सेल करून मगच टाका. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान फोनच्या रुंदीत बसवणारी कोडची ओळ) विसरलात तर फोनवर अख्खं पान मुंगीएवढ्या अक्षरांत येतं. आणि कॉन्टॅक्ट फॉर्म नुसत्या एचटीएमएलने कुठे जात नाही, त्याला मागे सर्व्हर लागतो, म्हणून सरळ गूगल फॉर्म लावा नाहीतर टीमचा ईमेल द्या. पोरांचे मोबाइल नंबर मात्र टाकू नका, विशेषतः मुलींचे.

आता काय टाकायचं. प्रत्येक टीमचं तेच असतं बघा, होम, अबाउट अस, टीम, गॅलरी, कॉन्टॅक्ट, आणि टीमच्या पानावर सगळे ब्लेझर घालून हाताची घडी. ते ठेवा, आईवडील बघतात. पण साइटचा खरा उपयोग होतो स्पॉन्सरला आणि पुढच्या बॅचला.

आमचे स्पॉन्सर म्हणजे मोठ्या कंपन्या नव्हत्या, मकरपुरा जीआयडीसीतले (बडोद्याची औद्योगिक वसाहत) वर्कशॉपवाले काका, कोणी लेझर कटिंग फुकट करून देणार, कोणी बेअरिंग देणार. हे लोक लॅपटॉपवर साइट उघडत नाहीत, तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवता आणि ते मशीनशेजारी उभं राहून फोनवर बघतात. म्हणून ती लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर कशी दिसते हे होमपेजच्या ॲनिमेशनपेक्षा महत्त्वाचं, त्यासाठी ओजी इमेजचा टॅग (लिंकसोबत कोणता फोटो दिसावा ते सांगणारी ओळ) असतो, त्यात रोबोटचा फोटो द्या आणि फोटोची लिंक पूर्ण लिहा, एचटीटीपीएसपासून, अर्धी दिली तर नुसती निळी लिंक जाते आणि ती कोणी दाबत नाही. आणि आत त्यांना काय बघायचं असतं, तर आपला पार्ट कुठे लागला. नुसता लोगोंचा पट्टा लावण्यापेक्षा 'ही बेसप्लेट यांनी कापून दिली' असं लिहून त्या प्लेटचाच फोटो टाका, पुढच्या वर्षी दारात उभं राहायला बरं पडतं. आमच्याकडे या एका पानाचं गुजराती पण केलं होतं, तुमच्याकडे गरज असेल तर करा.

आणि पुढची बॅच, हा माझा आवडता मुद्दा. सगळ्या टीम साइट वर्षाप्रमाणे लावतात, २०२२, २०२३, २०२४, आणि प्रत्येक वर्षाखाली एक ग्रुप फोटो. पण रोबोकॉनची थीम दरवर्षी बदलते आणि मेकॅनिझम फिरून तीच येतात. २०२२ ला दिल्लीत लगोरी होती, बॉल मारून थर पाडायचा. २०२३ ला कंबोडियात रिंगा फेकून खांबांत घालायच्या, २०२४ ला व्हिएतनाममध्ये रोपं लावायची आणि बॉल उचलून सायलोत (कोठीत) टाकायचे, २०२५ ला मंगोलियात चक्क बास्केटबॉल. आता बास्केटबॉलच्या बॅचला काय हवं असणार, लगोरीवाल्यांनी बॉल फेकायला काय केलं होतं, रोलर की स्प्रिंग की न्यूमॅटिक (हवेच्या दाबाचं), कोणती मोटर, कशामुळे बॉल वाकडा जात होता. हे सगळं कोणाच्या तरी पेनड्राइव्हमध्ये असतं आणि तो पेनड्राइव्ह पुण्याला नोकरीला गेलेला असतो. म्हणून साइटवर फेकणं, पकडणं, चाकं, सेन्सर अशी पानं करा, वर्ष आत लिहा. आणि जे चाललं नाही ते पण लिहा, फोटोसकट, कारण जिंकलेल्या रोबोटचा फोटो सगळ्यांकडे असतो, जळलेल्या मोटर ड्रायव्हरचा (मोटरला करंट देणारं सर्किट) कोणाकडे नसतो आणि ज्युनिअरला तोच लागतो. या सीझनची स्ट्रॅटेजी तेवढी मॅच होईपर्यंत झाकून ठेवा, आणि लक्षात घ्या, फुकटच्या प्लॅनमध्ये पेजेसला रिपॉझिटरी (साइटच्या फाइलींचं फोल्डर) पब्लिक लागते, म्हणजे डिलीट केलेली फाइल पण जुन्या कमिटमध्ये (जुन्या बदलांच्या नोंदीत) सगळ्यांना दिसते. पासवर्ड तर चुकूनही नको.

चाव्यांचं, म्हणजे अकाउंट आणि पासवर्ड कोणाकडे राहणार याचं, आजच ठरवा. गिटहबवर ऑर्गनायझेशन (टीमचं सामायिक खातं) काढा, फुकट असतं, ओनर निदान दोन आणि त्यातला एक ज्युनिअर. टीमचं वेगळं जीमेल काढा पण रिकव्हरीला फायनल इयरवाल्याचा नंबर देऊ नका, आणि ते वापरात ठेवा, दोन वर्षं कोणी लॉगिन केलं नाही तर गूगल अकाउंट उडवू शकतं. डोमेन (साइटचं स्वतःचं नाव) घ्यायचाच तर त्याच जीमेलवर घ्या, सिनिअरच्या पर्सनल आयडीवर नको, तो विसरला की नाव सुटतं आणि दुसरंच कोणी उचलतं. पहिल्या वर्षी ऑफरमध्ये स्वस्त दिसतो, रिन्यूअलचा आकडा वेगळा असतो, तो बघूनच पैसे भरा. खरं तर पहिलं वर्ष गिटहबच्याच पत्त्यावर काढलं तरी कोणाचं काही अडत नाही, खर्च शून्य.

वेळेचं म्हणाल तर रूलबुक हातात आलं की साइटला कोणी हात लावत नाही (आणि बडोद्यात असाल तर नवरात्रात कशालाच लावत नाही), म्हणून आत्ताच रोबोटचा एक बरा फोटो, चार ओळी आणि ईमेल एवढंच लाइव्ह करा, डिझाइन मागाहून बघू. झालं की लिंक इथे कमेंटमध्ये टाका, माझ्या जुन्या फोनवर उघडून सांगते कशी दिसतेय.