फ्लाइटगिअरमध्ये उड्डाण सुरळीत चालते, मग रिप्लेमध्येच विमान गचके का खाते?

तुम्ही लिहिले आहे की, फ्लाइटगिअर या विमान उडवण्याच्या संगणकीय खेळात सेसना १७२ हे छोटे विमान घेऊन नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरताना चित्र अगदी सुरळीत चालते, परंतु तेच लँडिंग नंतर रिप्लेमध्ये, म्हणजे झालेले उड्डाण पुन्हा दाखवणाऱ्या सोयीत, पाहू लागलात की विमान गचके खात पुढे सरकते, आणि ग्राफिक्सच्या सगळ्या सेटिंग्ज खाली आणूनही काही फरक पडलेला नाही. या शेवटच्या तपशिलावरून मला असे वाटते की तुमचा दोष चित्र रंगवण्यात नसून उड्डाणाची नोंद ठेवण्यात आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. येथे लँडिंग शिकवायला कोणी प्रशिक्षक नाही, रिप्ले पाहूनच आपली चूक शोधावी लागते, म्हणून या प्रश्नावर मी बरेच दिवस घालवले आहेत.

काहीही बदलण्यापूर्वी एक परीक्षा करा. रिप्ले चालू असताना व्ही ही कळ दाबत जा आणि 'टॉवर व्ह्यू लुक फ्रॉम' या दृश्यावर थांबा; ते येत नसेल तर 'व्ह्यू ऑप्शन्स'मध्ये जाऊन त्याच्यासमोर खूण करा. साधे टॉवर दृश्य येथे कामाचे नाही, कारण त्यात कॅमेरा विमानाच्या मागे वळत राहतो आणि विमानाचा गचका पार्श्वभूमीलाही लागतो. कॉकपिटमध्ये तर कॅमेरा विमानालाच बांधलेला असल्यामुळे विमान हिसकले की सगळे जगच हिसकते. 'लुक फ्रॉम'मध्ये मात्र कॅमेरा तुमच्या हातात राहतो, तेव्हा माउसने धावपट्टी समोर आणा आणि माउस सोडून द्या. विमान पडद्यावरून जात असताना फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रे (फ्रेम) निघतात त्याचा, आकडा स्थिर राहिला आणि तरीही विमान तुटक सरकले, तर दोष नोंदीचा आहे. आकडाच खाली-वर होत असेल आणि माउस फिरवताना धावपट्टीही अडखळत असेल, तर दोष संगणकाचा आहे. गचक्यांचा ताल हीदेखील चांगली खूण आहे. नोंदीचे गचके घड्याळाच्या ठोक्यासारखे ठरावीक अंतराने येतात, संगणकाचे कधीही येतात.

नोंदीचा ताल कोठून येतो हे समजले की उपाय आपोआप दिसतो. फ्लाइटगिअर उड्डाण चालू असताना विमानाची जागा, कोन, वेग, फ्लॅप इत्यादींची नोंद करत असतो, पण सगळी नोंद सारख्या बारकाईने ठेवत नाही. मूळ सेटिंगप्रमाणे शेवटच्या ६० सेकंदांची नोंद प्रत्येक फ्रेमची असते. त्याहून जुना भाग विरळ केला जातो आणि दर अर्ध्या सेकंदाला एकच नोंद उरते. हा मधला कप्पा ६०० सेकंदांचा आहे. त्याच्याही मागचा भाग दर ५ सेकंदांना एक, असा ३,६०० सेकंदांपर्यंत ठेवला जातो. दोन नोंदींच्या मधली जागा रिप्ले सरळ रेषेने भरून काढतो. शेताच्या वळणाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दूर दूर खुंट्या ठोकून सुतळी ताणली तर सुतळी धुऱ्याचे वळण धरत नाही, प्रत्येक खुंटीपाशी तिला कोन पडतो. तुमच्या डोळ्याला जो गचका दिसतो तो हा खुंटीपाशी पडलेला कोन आहे.

आता हे लँडिंगला लावून पाहा. सेसना १७२ साधारण ६५ नॉटने उतरत असेल, तर ते सेकंदाला सुमारे ३३ मीटर जाते. अर्ध्या सेकंदात ते जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेले असते, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या दुप्पट. ५ सेकंदांत १६० मीटरहून अधिक. धावपट्टीजवळ नाक उचलून विमान अलगद टेकवण्याचा सगळा खेळ काही सेकंदांचाच असतो, त्यामुळे दर ५ सेकंदांच्या नोंदीत तो संपूर्ण निसटून जाऊ शकतो. मग रिप्लेमध्ये विमान सरळ रेषेत उतरून एकदम आडवे झालेले दिसते, आणि आपण नाक उचलले होते की नाही हेच कळत नाही. मला या दोषात सर्वांत जास्त टोचते ती ही गोष्ट: दृश्य तुटक दिसते इतकेच नाही, जे पाहायचे होते तेच नोंदीत उरलेले नसते.

माझ्याबाबतीत नेमके हेच घडत होते. सोनेगावची धावपट्टी ३,२०० मीटर लांब आहे. मी उतरल्यावर सावकाश टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवरून चाकांवर चालवत, विमान जागेवर नेऊन लावत असे, इंजिन बंद करत असे आणि मग रिप्ले उघडत असे. तोवर चार-पाच मिनिटे उलटलेली असत आणि माझे लँडिंग मधल्या कप्प्यात जाऊन विरळ झालेले असे. सावल्या, ढग, झाडे सगळे बंद करूनही गचका जाईना, तेव्हा मी मोबाइलचे स्टॉपवॉच लावून गचके मोजले. ते दहा सेकंदांत वीस भरले.

यावर सर्वांत सोपा उपाय असा की, चाके टेकल्यानंतर विमान धावपट्टीवरच थांबवा आणि एक मिनिट उलटण्याच्या आत रिप्ले सुरू करा. कायमचा उपाय हवा असेल तर बारीक नोंदीची मुदत वाढवा. डीबग मेनूतील 'ब्राउझ इंटर्नल प्रॉपर्टीज' उघडून सिम, रिप्ले, बफर असे आत गेलात की 'हाय-रेझ-टाइम' हे मूल्य दिसेल. ते तेथे फक्त पाहा. बदल लाँचरच्या सेटिंग्जमधील 'ॲडिशनल सेटिंग्ज' या चौकटीत करा, म्हणजे तो दर वेळी सुरुवातीलाच लागू होईल: दोन आडव्या रेघा, प्रॉप, कोलन, मग तिरप्या रेघांनी सुरू होणारा आणि जोडलेला सिम, रिप्ले, बफर, हाय-रेझ-टाइम हा पत्ता, बरोबरचे चिन्ह आणि ९००. हे सर्व इंग्रजी लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता लिहायचे आहे. ९०० सेकंद म्हणजे १५ मिनिटे. एका फेरीसाठी तेवढी पुरतात. ३० फ्रेमच्या वेगाने ६० सेकंदांच्या १,८०० नोंदी होतात, तर १५ मिनिटांच्या २७,०००, म्हणून रॅम कमी असल्यास आकडा आणखी वाढवू नका.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बारीक नोंद फ्रेमगणिक होते, त्यामुळे उड्डाणातच चित्र अर्धा सेकंद गोठले असेल तर तेवढी नोंदही झालेली नसते, आणि नंतर कोणतीही सेटिंग बदलून ती परत येत नाही.

परीक्षेत दोष संगणकाचा निघाला तर आधी उष्णता पाहा. रिप्ले अर्ध्या-पाऊण तासाच्या उड्डाणानंतर सुरू होतो, म्हणजे लॅपटॉप सर्वाधिक तापलेला असतानाच, आणि प्रोसेसर फार तापला की स्वतःचा वेग उतरवतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि ज्या घरात वेचणीचा कापूस विकेपर्यंत भरून ठेवलेला असतो तेथे त्याचे तंतू पंख्याच्या जाळीत बसतात. माझ्या लॅपटॉपच्या जाळीवर तर नमद्यासारखा थर निघाला होता. लॅपटॉप बंद करून मऊ ब्रशने जाळी साफ करा. पंक्चरच्या दुकानातल्या हवेचा झोत मारू नका, त्याने पंखा नको तितक्या वेगाने फिरून खराब होऊ शकतो. गादीवर ठेवून खेळत असाल तर लॅपटॉप फरशीवर किंवा टेबलावर घ्या. लोडशेडिंगमध्ये बॅटरीवर चालवाल तेव्हा विंडोज वेग कमी करते, त्या वेळी गचके वाढले तर वेगळे कारण शोधू नका.

रिप्ले सुरू होताच पहिली काही सेकंदेच अडखळत असतील, तर विमान एकदम मागच्या जागी गेल्यामुळे तेथला भूभाग डिस्कवरून पुन्हा वाचला जात असतो. पी दाबून थोडे थांबा आणि मग चालू करा. टेरासिंक, म्हणजे भूभाग इंटरनेटवरून उतरवून घेणारी सोय, चालू असेल आणि मोबाइलची रेंज येत-जात असेल, तर नागपूरचा परिसर एकदा पूर्ण उतरवून घेऊन टेरासिंक बंद ठेवा.

हे करूनही गचके राहिले तर 'लुक फ्रॉम' दृश्यात काय दिसले, दहा सेकंदांत किती गचके मोजले आणि लँडिंगनंतर किती वेळाने रिप्ले उघडला, एवढे तीन आकडे-तपशील येथे लिहा. त्यावरून पुढचे सांगता येईल.