वाचकांचे प्रश्न : सिलिकॉन फक्त चिपसाठीच?

प्रश्न : मी बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. सिलिकॉनचे सूक्ष्म सेन्सर, म्हणजे मेम्स, यात संशोधन करावंसं वाटतं. घरचे म्हणतात, विषय फार अरुंद आहे, अडकून पडशील. खरंच तसं आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच नाही. मेम्सचे अमेरिकी संशोधक कर्ट पीटरसन यांची कारकीर्द बघ. १९७५ साली एमआयटीतून पीएच.डी. घेऊन ते सॅन होजेला आयबीएमच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. सिलिकॉनवर ताण दिला की त्याचा विद्युतरोध धातूपेक्षा कितीतरी जास्त बदलतो, हे बेल लॅबमध्ये चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ मध्येच दाखवलं होतं. प्रेशर सेन्सरही निघाले होते. पण माहिती दहा ठिकाणी विखुरलेली. पीटरसन यांनी ती वेचून मे १९८२ मध्ये एक दीर्घ लेख लिहिला. त्याचा गाभा असा : सिलिकॉनचा ताठपणा पोलादाच्या तोडीचा, वजन मात्र त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी, मग त्याची यंत्रं का करू नयेत? या क्षेत्रात आजही नवख्याच्या हातात आधी तोच लेख दिला जातो.

मी स्वतः अनेक वर्षं फॅबमध्ये, म्हणजे चिप आणि सेन्सर घडवण्याच्या प्रयोगशाळेत, काढली आहेत, म्हणून एक प्रक्रिया सांगतेच. वेफर, म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती, साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सोडायची. मिनिटाला सुमारे एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) सिलिकॉन झिजतं आणि हायड्रोजनचे बुडबुडे सतत वर येत राहतात. स्फटिकाची काही प्रतलं मात्र जवळजवळ झिजतच नाहीत, त्यामुळे खड्ड्याच्या भिंती आपोआप ५४.७ अंशांत उतरतात. तळाशी दहा-पंधरा मायक्रॉनचा पडदा उरला की वेफर दिव्यासमोर धरायची. एरवी अपारदर्शक असणारं सिलिकॉन तेवढ्याच चौकोनात लालसर दिसतं. हा पडदा दाबाने वाकतो, त्याच्या कडेला घडवलेल्या सिलिकॉनच्या रोधकांचा विद्युतरोध बदलतो, आणि झाला सेन्सर! मला त्या लाल चौकोनाचा कधीच कंटाळा आला नाही.

पुढे पीटरसन यांनी इतरांसोबत कंपन्या उभ्या केल्या : १९८५ मध्ये नोव्हासेन्सर, प्रेशर सेन्सरची, १९९६ मध्ये सेफिड, २००४ मध्ये सायटाइम, क्वार्ट्झऐवजी सिलिकॉनच्या कंपकावर चालणाऱ्या ऑसिलेटरची, म्हणजे उपकरणांना ठोका देणाऱ्या घटकाची. क्षयरोगासाठी आपल्या सरकारी दवाखान्यांत जी सीबीनॅट चाचणी होते, तिचं यंत्र सेफिडचं. थुंकीतले जंतू आणि रिफाम्पिसिनला होणारा विरोध, दोन्हींचं उत्तर दोनेक तासांत. त्यातलं कार्ट्रिज, म्हणजे नमुना घालायची डबी, सिलिकॉनचं नव्हे तर प्लास्टिकचं आहे, हे खरं. पण सिलिकॉनपासून निघालेला माणूस रोगनिदानापर्यंत जातो, त्या विषयाला अरुंद कसं म्हणायचं? २०१९ मध्ये पीटरसन यांना आयईईई या विद्युत-इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या संघटनेचं सर्वोच्च पदक मिळालं.

आता तुझ्याबद्दल. एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेशपरीक्षा दे. स्फटिकशास्त्र आणि पदार्थांचं बळ नीट कर, बी.एस्सी.ला ते वरवर होतं. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएससीतल्या फॅब सुविधा आयएनयूपी या सरकारी नॅनोइलेक्ट्रॉनिक्स कार्यक्रमातून बाहेरच्या संशोधकांनाही वापरता येतात. पिलानीच्या सीरी या केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स संशोधन संस्थेतही मेम्सवर काम चालतं.

आणि कुठेही गेलीस तरी फॅबमध्ये वापरल्या जाणाऱ्या हायड्रोफ्लोरिक ॲसिडचं सुरक्षा-प्रशिक्षण झाल्याशिवाय वेट बेंचला, म्हणजे रसायनांच्या टेबलाला, हात लावू नकोस. पातळ ॲसिड लागलं तर सुरुवातीला दुखत नाही, आतवर मात्र पोचतं. त्यावर प्रथमोपचार म्हणून लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल कुठे ठेवलंय, ते पहिल्याच दिवशी विचारून घे.