शोभेचा बांबू : बेट आवरावे कसे?

प्रश्न : चार वर्षांपूर्वी मी घरामागच्या गडग्यालगत (चिऱ्यांच्या कुंपणालगत) पिवळ्या बांबूची तीन रोपे लावली. आता बेट गडग्यावर रेलले असून दोन ठिकाणी चिरे सरकले आहेत. पलीकडे शेजाऱ्यांचे पोफळीचे आगर आहे आणि कोंब आपल्या आगरात येतील, अशी त्यांची तक्रार आहे. चर खणून त्यात पत्रे उभे करावेत, असे एकाने सुचविले आहे. हा उपाय योग्य आहे का? तसेच बांबू तोडण्यास परवानगी लागते का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : पत्र्यांवर खर्च करू नये. सर्व बांबू जमिनीखाली सारखे वाढत नाहीत आणि बंदोबस्ताचा सगळा विचार या एका फरकावरून ठरतो. धावत्या बांबूचा कंद, म्हणजे जमिनीखालचे खोड, सडपातळ असून जमिनीला समांतर पुढे सरकत राहतो. त्याच्या पेरापेरावर, म्हणजे गाठीगाठीवर, डोळे असतात आणि त्यांतले काही फुटून मूळ झाडापासून बऱ्याच अंतरावर कोंब वर येतात. बेट करणाऱ्या बांबूचा कंद मात्र आखूड, जाड आणि वाकडा असतो. थोडेसे अंतर गेला की तो वर वळतो आणि त्याचीच नवी काठी होते. हिरव्या रेघांचा आपला पिवळा बांबू, म्हणजे बांबुसा व्हल्गॅरिस, हा दुसऱ्या प्रकारातला आहे. तेव्हा आगराच्या मध्यावर अवचित कोंब उगवतील, ही भीती नको. तरीही शेजाऱ्यांची तक्रार अगदीच निराधार नाही, कारण या जातीच्या कंदाची मान, म्हणजे त्याला जुन्या कंदाशी जोडणारा भाग, इतर बेटांच्या तुलनेने लांब असते आणि त्यामुळे बेट विरळ राहून लवकर पसरते. शिवाय पूर्ण वाढलेली काठी 10 ते 20 मीटर उंच होते. पिशवीतले गुडघाभर रोप घेताना हे ध्यानात येत नाही, आणि रोपवाटिकेतही ते कोणी आपणहून सांगत नाही. गडग्यापासून किमान तीन मीटर अंतर ठेवले असते, तर बराच त्रास वाचला असता.

पत्रा खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात काही वर्षांतच गंजतो. तो टिकला तरी आत कोंडलेले जाड कंद एकमेकांवर चढून वर उचलले जातात आणि बेटाचा दाब गडग्यावर येतो तो येतोच. असे बेट पावसाळ्यात कोयत्याने आवरावे लागते. पावसाने जोर धरल्यावर कोंब फुटू लागले की दर आठवड्याला बेटाभोवती एक फेरी मारावी आणि गडग्याच्या बाजूचे कोंब वीत-दीड वीत उंच असतानाच जमिनीलगत कापावेत. वाढू दिलेला कोंब दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो आणि पुढे तीच काठी नव्या कंदांना पोसते, म्हणून येथे दिरंगाई महागात पडते. कापलेले कोंब खायचे असतील, तर ते उकळून पाणी टाकून द्यावे. कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात.

कोंब कापला तरी त्याखालचा कंद जिवंत राहतो, त्यामुळे एकदा मुळाशीही जावे लागेल. पाऊस संपल्यावर, साधारण कार्तिक-मार्गशीर्षात, जमिनीत ओल असतानाच हे काम उरकावे. फाल्गुनापर्यंत जांभ्याची माती इतकी कडक होते की पहारही धड आत जात नाही. गडग्याच्या बाजूने दोन फूट रुंदीची पट्टी खणून त्यातील कंद कुऱ्हाडीने तोडून काढावेत आणि ही पट्टी पुढेही मोकळीच ठेवावी. सरकलेले चिरे त्यानंतरच बसवावेत, कारण कंद आत असताना बसवलेला चिरा पुढच्या पावसात पुन्हा हलतो.

त्याच वेळी बेटही विरळ करावे. तीन वर्षांवरच्या काठ्यांचा रंग मंदावलेला असतो, त्यांवर पांढुरके डाग धरलेले असतात आणि पेरांवरची सुकी आवरणे गळून गेलेली असतात. अशाच काठ्या तोडाव्यात. यंदाच्या आणि गेल्या वर्षीच्या काठ्यांना हात लावू नये. घाव जमिनीपासूनच्या पहिल्या किंवा दुसऱ्या पेराच्या अगदी वर घालावा. पेराच्या बऱ्याच वर तोडल्यास उरलेल्या पोकळ कांड्याची वाटी होते, तिच्यात पाणी साचून डास होतात आणि बुंधा कुजतो. मधल्या जुन्या काठ्यांपर्यंत पोहोचण्यासाठी बेटाची एक बाजू घोड्याच्या नालेच्या आकारात मोकळी करावी, म्हणजे कोवळ्या काठ्या वाचतात.

परवानगीविषयी म्हणायचे, तर 2017 मधील दुरुस्तीने भारतीय वन अधिनियम, 1927 मधील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला आहे. त्यामुळे वनक्षेत्राबाहेरील खासगी जागेतला बांबू या कायद्यानुसार वृक्ष ठरत नाही.

प्रश्न : काळ्या खोडाच्या बांबूची रोपे मागवायचा विचार आहे. तो फार पसरतो असे ऐकले. अंगणात लावावा का?
– एक वाचक भगिनी, मालवण

उत्तर : काळ्या खोडाचे म्हणून दोन वेगळे बांबू विकले जातात, त्यामुळे पैसे देण्यापूर्वी एखाद्या मोठ्या रोपाची काठी हातात घेऊन पाहावी. प्रत्येक पेराशी दोनच फांद्या असतील आणि फांद्यांच्या वरच्या कांड्यावर बोटाला जाणवणारी उभी पन्हळ असेल, तर तो फायलोस्टॅकिस नायग्रा, म्हणजे धावता बांबू समजावा. पेराशी फांद्यांचा झुपका असून कांडे गोल असेल, तर तो बहुधा जावा बेटाकडचा काळा बांबू असतो. तो बेट करतो आणि आपल्या दमट हवेला मानवतो, मात्र उंच होतो. दोन्हींची नवी काठी हिरवीच निघते आणि पुढे काळवंडते, तेव्हा हिरवे रोप पाहून फसवणूक झाली असे समजू नये.

धावता बांबू मूळचा थंड हवामानातला असल्याने किनाऱ्यावर त्याचे खोड डोंगराळ भागातल्याइतके देखणे होईल, अशी अपेक्षा धरू नये. तरीही हौस असेल, तर लावण्यापूर्वीच सर्व बाजूंनी 60 ते 75 सेंटिमीटर खोल चर खणून त्यात दीड मिलिमीटर जाडीचा एचडीपीईचा (टणक प्लॅस्टिकचा) पट्टा उभा करावा. पट्ट्याचा वरचा काठ किंचित बाहेरच्या बाजूला झुकवावा, म्हणजे अडलेला कंद खाली न वळता वर येतो, आणि हा काठ जमिनीच्या वर 5 सेंटिमीटर ठेवावा, म्हणजे त्यावरून जाऊ पाहणारा कंद दिसतो व कापता येतो. साधा प्लॅस्टिकचा कागद कंदाच्या टोकापुढे टिकत नाही. नुसत्या चिऱ्यांच्या भिंतीवरही विसंबू नये. सांध्यातली फट त्याला पुरते. माझ्या मते अंगणासाठी सिमेंटची मोठी कुंडी अधिक बरी. ती विटांवर ठेवावी, नाहीतर तळाच्या भोकांतून मुळे आणि कंद जमिनीत उतरतात, आणि दोन-तीन वर्षांनी कंदाचा गठ्ठा बाहेर काढून करवतीने विभागावा.

प्रश्न : समुद्राकडच्या बाजूस आडोसा म्हणून बांबू लावायचा आहे. कोणता निवडावा? बेटात साप राहतात म्हणून घरचे विरोध करतात.
– एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा करपतात, म्हणून समुद्राकडे सुरूची रांग ठेवून बांबू तिच्या मागे लावावा. बुटक्या कुंपणासाठी बांबुसा मल्टिप्लेक्सच्या बारीक पानांच्या जाती उत्तम. त्या एक-एक मीटरवर लावून वरून छाटता येतात. जागा असेल तर आपल्याकडचा माणगा लावावा. त्याला काटे नसतात, काठी जवळजवळ भरीव असते आणि जुनी काठी घरकामाला उपयोगी पडते. शोभेच्या झाडांच्या यादीत त्याला स्थान मिळत नाही, हा आपल्या आवडीचा दोष म्हणावा लागेल. काटेरी कळक मात्र घराजवळ नकोच.

सापांची शंका रास्त आहे. पानांचा थर आणि तुटक्या काठ्यांची अडगळ असेल तेथे उंदीर-बेडूक येतात व त्यांच्यामागे साप. हिरवा चापडा हा साप तर बांबूच्या पानांत चटकन दिसतही नाही. बुंध्यापासून कमरेपर्यंतच्या फांद्या काढाव्यात, पालापाचोळा वेळोवेळी उचलून दूर खतखड्ड्यात टाकावा आणि बेटात हात घालण्यापूर्वी काठीने पाने हलवून पाहावीत.

प्रश्न : पाण्याच्या भांड्यातला 'लकी बांबू' जमिनीत लावल्यास पसरेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. तो बांबू नसून ड्रेसिनाची एक जात आहे. पोफळीच्या सावलीत तो चांगला वाढतो, उन्हात पाने भाजतात. घरात मांजर किंवा कुत्रा असेल, तर पाने त्याच्या तोंडी लागणार नाहीत अशा जागी लावावा, कारण ती त्यांना बाधतात.