शाळेत कम्प्युटरचा कुठला विषय घ्यावा? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : नमस्कार ताई, मुलगी आता नववीत जाणारे. शाळेतून फॉर्म आलाय, कम्प्युटर सायन्स, आयटी आणि रोबोटिक्स यातलं एकच घेता येणार. गणितात ती जेमतेम आहे, पण मोबाईल, लॅपटॉप एकदम पटापट चालवते म्हणून घरात सगळ्यांचं म्हणणं की कम्प्युटर सायन्सच घे, त्यालाच स्कोप. मला मात्र धाकधूक वाटतेय. – एक आई

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. मोबाईल पटापट चालवणं हा सवयीचा भाग झाला, त्यावरून मुलीला कम्प्युटर सायन्स आवडेल असं काही ठरत नाही. आयटीमधे साधारणपणे तयार सॉफ्टवेअर नीट वापरायला शिकवतात, म्हणजे स्प्रेडशीट, डेटाबेस, वेबसाइट बनवणं, नेटवर्क, सिक्युरिटी वगैरे. रोबोटिक्समधे सेन्सर, मोटर, आर्डुइनोसारखा छोटा कम्प्युटर बोर्ड, वायरी जोडायच्या आणि त्यावर प्रोग्राम चढवायचा, हाताने खुडबुड करायला आवडणारी मुलं तिथे मस्त रमतात. आणि कम्प्युटर सायन्स म्हणजे एखादा प्रश्न छोट्या छोट्या पायऱ्यांत फोडायचा आणि मग त्या पायऱ्या प्रोग्राममधे लिहायच्या. पण खरं सांगू का, या नावांवर फार विसंबू नका, एका शाळेत जे आयटी म्हणून शिकवतात तेच दुसरीकडे कम्प्युटर सायन्स म्हणून चालतं, म्हणून फॉर्म भरायच्या आधी सिलॅबस मागून घ्या आणि मागच्या बॅचच्या मुलांनी प्रॅक्टिकलला काय काय बनवलं ते बघा. सगळ्यांच्या जर्नलमधे तोच प्रोग्राम जसाच्या तसा उतरवलेला दिसला तर विषयाचं नाव कितीही भारी असू दे, तिथे शिकणं होत नाहीये.

गणिताचं म्हणाल तर मार्क नेमके कशात जातात ते बघा. आकडेमोडीत चुका होत असतील तर फार काळजी करू नका, आकडेमोड मशीन करतं. 'जर असं असेल तर तसं' हा विचार करायचाच कंटाळा असेल तर मात्र कम्प्युटर सायन्स जड जाईल. एक खेळ खेळून बघा. तुम्ही मनात १ ते १०० मधला एक आकडा धरा, ती ओळखेल, तुम्ही फक्त 'मोठा आहे' किंवा 'लहान आहे' एवढंच सांगायचं. सुरुवातीला ती ३०, ८० असं मनाला येईल ते म्हणेल. मग विचारा, आकडा कुठलाही असो, सातव्या प्रयत्नापर्यंत सापडलाच पाहिजे अशी काही पद्धत आहे का गं? ती अशी, की ५० पासून सुरू करायचं आणि दर वेळी उरलेल्यांच्या मधला आकडा विचारायचा म्हणजे निम्मे आकडे तिथेच बाद. यालाच बायनरी सर्च म्हणतात, आणि १०० च्या जागी १० लाख आकडे घेतले तरी २० प्रयत्न पुरतात. हे ऐकून ती 'असं कसं?' म्हणत मागे लागली तर कम्प्युटर सायन्स बिनधास्त घेऊ द्या. 'बरं मग?' म्हणून उठून गेली तर बाकीचे दोन विषय आहेतच, आणि त्यात कमीपणा अजिबात नाही, नेटवर्क किंवा डेटाबेस नीट सांभाळणारी माणसं सगळीकडे लागतात. फक्त सही करायच्या आधी घरच्यांपेक्षा तिलाच विचारा, तासाला बसणार तीच आहे.

प्रश्न : आमच्या शाळेत अजून स्क्रॅचच चालू आहे, ते रंगीत ब्लॉक जोडायचं. मित्र पायथन, म्हणजे टाइप करून प्रोग्राम लिहायची भाषा, शिकतात आणि मला हसतात. मी डायरेक्ट पायथन सुरू करू का? – आठवीतला वाचक

उत्तर : हसू दे त्यांना. स्क्रॅच २००७ मधे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने आणलं आणि ते मुख्यतः ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठीच बनवलंय, म्हणजे तू बरोबर त्या वयात आहेस. लूप (तेच पुन्हा पुन्हा करणं), कंडिशन (जर-तर), व्हेरिएबल (स्कोअरसारखा बदलणारा आकडा ठेवायची जागा), लिस्ट (यादी) सगळं त्यात आहे, फक्त स्पेलिंग चुकलं म्हणून एरर येत नाही. स्कोअर मोजणारा, लेव्हल वाढवणारा एखादा गेम कुणाचं न बघता स्वतः बनवता येत असेल तर जा की पायथनकडे. आणि गेल्यावर नवीन काही शोधत बसू नको, तोच गेम, नाहीतर त्यातला नुसता स्कोअरचा भाग पायथनमधे लिही. तिथे १ ते १० आकडे छापायला रेंज(१, १०) लिहिलंस तर ९ वरच थांबेल, कारण शेवटचा आकडा पायथन धरत नाही, ११ लिहावं लागतं. अशा ठिकाणी सगळेच अडकतात, हसणारे मित्रसुद्धा.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. एआयला सांगितलं की ते अख्खा प्रोग्राम लिहून देतं, तो असाइनमेंट तशीच देऊन मोकळा होतो. मग हा विषय ठेवून उपयोग काय? – एक बाबा

उत्तर : आयबीएम या कम्प्युटर कंपनीत फोर्ट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा तयार होत होती तेव्हा १९५४ च्या रिपोर्टमधे लिहिलं होतं की आता कोडिंग आणि डीबगिंग (प्रोग्राममधल्या चुका शोधून काढणं) जवळपास संपेलच. १९५७ मधे फोर्ट्रान आली, प्रोग्राम लिहिणं खूप सोपं झालं आणि प्रोग्राम लिहिणारे उलट वाढत गेले. एआयमुळे पुढे नोकऱ्यांचं काय होईल यावर मी पैज लावणार नाही, पण चूक पकडायला कुणीतरी लागणार हे नक्की. मुलाला पायथनमधे ०.१ + ०.२ करायला सांगा, उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. कम्प्युटर आकडे बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून साठवतो आणि ०.१ तिथे पूर्ण बसतच नाही, म्हणून असं होतं. आता एआयने दिलेल्या प्रोग्राममधे 'बेरीज ०.३ असेल तरच पुढे जा' अशी ओळ असेल तर प्रोग्राम एरर न दाखवता गप्प चुकीचं काम करेल, आणि ज्याने विषय नुसता कॉपी करून पास केलाय त्याला ते आयुष्यात सापडणार नाही.

म्हणून विषय सोडू देऊ नका, पण असाइनमेंट घेऊन त्याच्या शेजारी बसा. तुम्हाला कोडिंग यायची गरज नाही. कुठल्याही एका ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, ही पुसली तर काय बिघडेल? आधी सांगू दे, मग पुसून रन करू दे. बरोबर सांगितलं तर ठीक, नाही जमलं तर ती असाइनमेंट परत स्वतः लिहायला लावा, आणि एआय वापरायचं की नाही याबद्दल शाळेचा नियम काय आहे तेही सरांना एकदा विचारून घ्या.