जावेद जाफरी एवढा टॅलेंटेड असूनही मोठा स्टार का झाला नाही?

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. तो हिरो झाला नाही कारण हिंदी सिनेमाला हिरो एकाच छापाचा लागतो, प्रत्येक पिक्चरमध्ये तोच चेहरा तोच रुबाब, आणि हा माणूस दर पाच मिनिटांनी दुसराच कोणीतरी होतो. असल्या सोंगाड्या माणसाला जागा मिळते ती टीव्हीवर आणि माइकसमोर. तिथे तो स्टारच होता हो, फक्त आपण ते मोजत नाही.

सुरुवात कशी झाली बघा. १९८५ ला सुभाष घईंचा 'मेरी जंग' आला, त्यात हिरो अनिल कपूर आणि जावेद व्हिलनच्या म्हणजे अमरीश पुरीच्या पोराच्या रोलमध्ये. पण लोकांच्या लक्षात राहिला तो त्याचा डान्स, 'बोल बेबी बोल' वाला. असा नाचणारा पोरगा त्या काळात दुसरा कोण होता सांगा! पण पहिलीच एंट्री व्हिलन म्हणून, आणि लगेच पुढच्या वर्षी गोविंदा आला, जो नाचायचा पण आणि हिरो म्हणून चालायचा पण. मग काय, याच्या वाट्याला साइड रोल. त्यात वडील जगदीप, म्हणजे आपले सूरमा भोपाली. कॉमेडियनचा पोरगा म्हटल्यावर लोक आधीच हसायच्या तयारीत बसतात. गंमत म्हणजे जगदीप सुद्धा सुरुवातीला हिरो म्हणून झळकले होते आणि नंतर १९६८ च्या 'ब्रह्मचारी' पासून कॉमेडीत गेले ते कायमचेच.

आणि असं नाही की त्याला सिरीयस जमत नाही. दीपा मेहतांच्या 'फायर' मध्ये तो नंदिता दासचा नवरा आहे, बायकोकडे ढुंकून न बघणारा, बाहेर दुसरीत गुंतलेला. इतका थंड केलाय ना तो रोल, की राग येतो बघताना. 'सलाम नमस्ते' मधला मेलबर्नचा घरमालक पण तोच आणि 'धमाल' मधला बावळट मानव पण तोच, हे एकाला एक लावून बघा एकदा.

पण खरा जावेद टीव्हीवरचा. नव्वदच्या दशकात चॅनल व्ही वर 'टायमेक्स टाइमपास' लागायचं त्यात तो एकटाच वेगवेगळी सोंगं घेऊन यायचा, विग बदलला की भाषा बदलली, चाल बदलली. मग सोनीवर 'बूगी वूगी', भाऊ नावेद आणि रवी बहल अँकरिंगला आणि हा जज. आजचे रिअॅलिटी शो बघवत नाहीत मला, सगळे रडतात, जजपण रडतात. बूगी वूगीत जज मस्करी करायचे, स्वतः उठून नाचायचे आणि घरी गेलेल्या पोराला वाईट वाटायचं नाही. आमच्या सोसायटीच्या गणपतीतल्या डान्स कॉम्पिटिशनचं नाव कितीतरी वर्षं बूगी वूगीच होतं, परमिशन कोण मागतंय!

आता येतो मुद्द्यावर. ताकेशीज कॅसल.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी, हा जपानच्या टीबीएस चॅनलचा १९८६ ते १९९० मधला गेम शो. शंभरच्या वर लोक ताकेशी किटानो या जपानी कॉमेडियनच्या किल्ल्यावर हल्ला करायला निघतात आणि वाटेतल्या खेळांमध्ये धडाधड पडतात, पाण्यात, चिखलात, एकमेकांच्या अंगावर. आपल्याकडे तो पोगो या लहान मुलांच्या चॅनलवर हिंदीत आला तेव्हा मूळ शो संपून दीडेक दशक झालं होतं. म्हणजे काय, जुनं फुटेज, अनोळखी लोक, भाषा कळत नाही. त्यावर जावेदची कॉमेंट्री. आणि जपानी लोक तिथे काय बोलतायत याच्याशी त्या कॉमेंट्रीचा काडीचा संबंध नाही! प्रत्येक पडणाऱ्याला हा स्वतःच नाव देणार, आपल्याकडच्या कुठल्यातरी सेलिब्रिटीशी नाहीतर नेत्याशी जोडणार, त्याची स्टोरी बनवणार आणि ती स्टोरी माणूस पाण्यात पडायच्या आत संपवणार.

हे शेवटचं वाक्य परत वाचा, कारण कला तिथे आहे. तो दगडांवरून तळं ओलांडायचा गेम आठवतो? काही दगड पक्के, काही नुसते तरंगणारे, पाय ठेवला की बुडतात आणि कुठला कसला ते पळणाऱ्याला माहीत नाही. एक माणूस जेमतेम काही सेकंद दिसतो. तेवढ्यात त्याची ओळख, एक जोक, आणि पंच नेमका पाय घसरतो तिथे. अर्धा सेकंद आधी बोललात तर पडण्यातली मजा गेली, अर्धा सेकंद उशीर झाला तर पुढचा गडी पळत सुटलेला असतो. डबिंगमध्ये निदान ओठ हलताना दिसतात, त्या मापात शब्द बसवायचे असतात, म्हणजे ते पण सोपं नाहीच (मिकी माऊस आणि गूफीला हिंदीत याचाच आवाज होता, ते पण केलंय त्याने), पण इथे ओठ नाहीत, समोर फक्त घसरणारे पाय. आणि हे असं एपिसोडमागून एपिसोड, तेच तेच खेळ असताना. मी तर म्हणेन की तो वेगळाच शो होता, जपानी लोकांनी फक्त त्यासाठी पडून दिलं.

भाषा हे दुसरं कारण. त्याच्या कानाला लहेजा पटकन कळतो. १९९८ च्या 'बॉम्बे बॉइज' मधलं 'मुंभाई' ऐका, गल्लीतली टपोरी हिंदी रॅपमध्ये, तेव्हा आपल्याकडे रॅप म्हणजे बाबा सहगल एवढंच माहीत होतं लोकांना. २००८ च्या 'रोडसाइड रोमिओ' मध्ये सगळी कुत्री-मांजरी अॅनिमेटेड, सैफ आणि करीना मेन आवाज, पण मला पिक्चर आठवतो तो याच्या चार्ली अण्णामुळे, बाकीचं विसरलो.

मग एवढं असून नाव का नाही? कारण आवाजाच्या कामाला आपल्याकडे काम समजतच नाहीत. आपल्या डबिंगवाल्या चेतन शशितलचा आवाज किती लोकांनी ऐकलाय आणि समोर आला तर किती जण ओळखतील? श्रेयस तळपदेने अल्लू अर्जुनला आवाज दिलेला 'पुष्पा' २०२१ ला हिंदीत चालला तेव्हा कुठे लोक विचारायला लागले की अरे हा आवाज कोणाचा. जावेदचं त्यातल्या त्यात बरं, चेहरा आधीपासून ओळखीचा होता म्हणून ताकेशीवाला जावेद हे सगळ्यांना माहीत. पण आपल्याकडे करिअर मोजतात ते पोस्टरवर, आणि कॉमेंट्रीचं कुठे पोस्टर लागतं?

आणि हो, नवीन ताकेशीत तो का नाही, हा पण प्रश्न आहेच. २०२३ ला प्राइमवर शो परत आला तेव्हा कॉमेंट्री यूट्यूबर भुवन बामने केली आणि लोकांनी बिचाऱ्याला जावेद पाहिजे जावेद पाहिजे करून हैराण केलं. का घेतलं नाही ते त्यांनाच माहीत, नवीन पोरांना भुवन जवळचा वाटतो हे खरंच आहे. मला विचाराल तर भुवन वाईट नाही. फक्त तो टिटू मामा हे स्वतःच्या यूट्यूब व्हिडिओंमधलं एकच कॅरेक्टर पकडून बोलतो, आणि जावेद दर माणसामागे बदलायचा.

जुने पोगोचे तुकडे यूट्यूबवर शोधा, क्वालिटी भंगार आहे, टीव्हीवरून मोबाईलने शूट केल्यासारखी. सुरुवात त्या षटकोनी खोल्यांच्या भूलभुलैयापासून करा, एका दारामागे राक्षस आणि दुसऱ्या दारामागे डायरेक्ट तळं, तो बघा आणि डोळे मिटून एकदा नुसतं ऐका.