सड्यावर दाखवायचं तरी काय?

प्रश्न: ताई, आमचं गाव राजापूर तालुक्यात. गणपतीला सगळे मुंबईकर आले की मिळून गावातल्या सुंदर जागांचा नकाशा काढायचं ठरलंय. पण यादीत देऊळ, खाडी आणि सनसेट पॉइंट एवढंच आलं. बाकी गाव म्हणजे नुसता सडा, उघड्या कातळाचं पठार, तिथे काय दाखवायचं?

उत्तर: अहो, गणपतीत करताय म्हणजे सड्याला याहून चांगला मुहूर्तच नाही! मे महिन्यात तव्यासारखा तापणारा तोच कातळ तेव्हा पांढऱ्या गेंदांच्या आणि जांभळ्या सीतेच्या आसवांच्या फुलांनी भरलेला असतो. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, असं लिहिलं म्हणून आपणही त्याला ओसाड म्हणायला लागलो, हे मला खरंच टोचतं.

माझं ऐका, "सुंदर जागा सांगा" असं कुणाला विचारूच नका, मग सगळे पोस्टरवरचीच उत्तरं देतात. गुरं कुठे न्यायचात, पहिल्या पावसात पाणी कुठे साठतं, ह्या टेंबाला, म्हणजे टेकाडाला, काय म्हणतात, असं विचारा. आमच्याकडे खळ्यात रांगोळीने नकाशा काढला तेव्हा एका आजीने विहीर काढलीच नाही, वाटेवरचा हंडा टेकवायचा दगड काढला आणि म्हणाली, हितं आमी बसायचो, वारा खायचो, माहेरच्या गोष्टी करायचो. तो दगड आम्ही रोज बघत होतो आणि कधी दिसलाच नव्हता.

कातळशिल्पं, म्हणजे कातळावर कोरलेली जुनी चित्रं, तीसुद्धा अशीच उजेडात आली ना, शोधणारी मंडळी गावोगाव गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरली. 2022 मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यात तुमच्याच तालुक्यातलं बारसू आणि देवाचे गोठणे आहे, आणि ही दोन्हीकडची चित्रं त्या "नुसत्या" सड्यावरच आहेत!

अजून एक, सड्यापासून खालच्या विहिरीपर्यंत निळी रेघ जरूर ओढा. सड्याच्या जांभ्या दगडात पावसाचं पाणी मुरतं तेच पायथ्याच्या झऱ्यांना येतं, पोरांना हे कागदावर दिसलं की सडा वेगळाच वाटायला लागतो.

फक्त एखादं शिल्प सापडलं तर लोकेशन लगेच ऑनलाइन टाकू नका, आधी जमीनमालकाला आणि गावाला विचारा, नाहीतर गाड्या थेट कातळावर चढतात. आणि तोच कागद मे महिन्यात परत खळ्यात पसरा, मुंबईकर तेव्हाही येतातच.