कोचने सांगितलं म्हणून मारलं, हे कोर्टात चालेल का?

ताई, तुमचा मेल नीट वाचला. थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलगा 22 वर्षांचा, कॅनडात, ओंटारियो प्रांतात एका छोट्या प्रोफेशनल लीगमध्ये आइस हॉकी खेळतो, पीआर म्हणजे कायम राहण्याचा परवाना आहे, सिटिझन अजून नाही. आधीच्या मॅचमध्ये समोरच्या एकाने यांच्या कॅप्टनला जोरात धडक देऊन पाडलं, रेफरीने काहीच दिलं नाही, मग कोचने टीमच्या ग्रुपवर टाकलं की पुढच्या वेळी त्याला सोडू नका. पुढच्या मॅचला तुमच्या मुलाने त्याला मागून गाठून ठोसा मारला, तो बर्फावर तोंडावर आपटला आणि जबडा मोडला. आता पोलिसांनी जबाबाला बोलावलंय आणि तुम्ही विचारताय की हा तर खेळाचाच भाग, शिवाय सांगणारा कोच, मग माझ्या एकट्या पोरावर का?

ताई, स्पष्टच सांगतो, हात त्याचा होता त्यामुळे पहिली जबाबदारी त्याचीच. हॉकीत उतरलेला माणूस धक्केबुक्की मान्य करूनच उतरतो हे कोर्टही मानतं, पण ती संमती खेळाच्या ओघातल्या मारापुरती. पक, म्हणजे हॉकीची ती रबरी चकती, दुसरीकडे आहे, समोरचा पाठ करून चाललाय आणि मनात बदला धरून तुम्ही मागून मारता, हे त्या संमतीत बसवणं फार अवघड.

तुमच्यासारखीच केस 2004 साली व्हँकुव्हरला झाली होती. फेब्रुवारीत कोलोराडो टीमच्या स्टीव्ह मूरने व्हँकुव्हर टीमचा कॅप्टन मार्कस नॅसलंडला धडक दिली, पेनल्टी मिळाली नाही. 8 मार्चला परत मॅच, त्या धडकेचा हिशोब म्हणून मूर एकदा मारामारी करून मोकळाही झाला होता, तरी तिसऱ्या पीरियडमध्ये व्हँकुव्हरच्या टॉड बर्टुझीने मागून त्याची जर्सी धरली, ठोसा मारला आणि त्याच्या अंगावर पडला. मूरच्या मानेचे तीन मणके मोडले, तो पुन्हा कधी एनएचएल, म्हणजे तिथली सर्वात मोठी हॉकी लीग, खेळला नाही. त्या पोराचं करिअर तिथेच संपलं, हे मला आजही वाचवत नाही. लीगने बर्टुझीला सस्पेंड केलं, पगार गेला, पण तेवढ्यावर भागलं नाही, फौजदारी गुन्हा दाखल झाला, डिसेंबरमध्ये त्याने तो कबूल केला आणि एक वर्ष प्रोबेशन, 80 तास समाजसेवा अशा अटींवर कंडिशनल डिस्चार्ज मिळाला, म्हणजे गुन्हा मान्य झाला तरी अटी पाळल्या की दोषी म्हणून नोंद लागत नाही. म्हणजे टीमचे मॅनेजर तुम्हाला म्हणतायत ना की लीग काय ते बघेल, तर तसं नसतं.

आता कोचचं. मूरने नंतर बर्टुझी आणि टीम दोघांवर नुकसानभरपाईचा दावा लावला, तेव्हा बर्टुझीने आपला कोच मार्क क्रॉफर्डलाही त्यात ओढलं होतं, नंतर ते सोडून दिलं. सगळं प्रकरण 2014 ला ट्रायलच्या तोंडावर मिटलं, रक्कम गुप्त राहिली. कोचच्या मेसेजमुळे कोच आणि टीमही अडकू शकतात, भरपाईचा वाटा त्यांच्यावर जाऊ शकतो, शिक्षा ठरताना थोडा उपयोगही होईल, पण मुलगा सुटणार नाही. म्हणून ते मेसेज अजिबात डिलीट करायचे नाहीत, कोणीही सांगितलं तरी. आणि टीमने दिलेला वकील घेऊ नका, कारण उद्या टीमचं आणि मुलाचं हित एकमेकांच्या विरोधात जाणार, स्वतःचा वेगळा वकील हवाच.

मला खरी काळजी पीआरची वाटते. जखम करणाऱ्या मारहाणीचं इथलं कलम 267, कमाल शिक्षा 10 वर्षं. एवढी कमाल शिक्षा असलेल्या गुन्ह्यात कन्व्हिक्शन, म्हणजे दोषी म्हणून नोंद, झालं की पीआरवाला देशात राहायला अपात्र ठरू शकतो, प्रत्यक्षात एक दिवस जेल झाली नाही तरी. डिस्चार्ज मात्र कन्व्हिक्शन धरत नाहीत. मार्टी मॅकसोर्ली या हॉकी खेळाडूने 2000 साली मॅचमध्ये समोरच्या टीमच्या डोनाल्ड ब्रॅशियरच्या डोक्यात स्टिक मारली, दोषी ठरला, त्यालाही 18 महिन्यांचा कंडिशनल डिस्चार्जच मिळाला. म्हणजे असं होऊ शकतं, पण आपोआप होत नाही, म्हणून फौजदारी वकील असा बघा ज्याला इमिग्रेशनही कळतं, नाहीतर लवकर मिटवू म्हणून गुन्हा कबूल करून बसाल आणि मग डिपोर्टेशनची नोटीस.

दिवाणी दाव्याला समोरच्याकडे साधारण दोन वर्षं आहेत. मुद्दाम केलेल्या इजेला इन्शुरन्स बहुतेक वेळा हात वर करतो, आणि अशी कोर्टाने ठरवलेली भरपाई दिवाळखोरी जाहीर करूनही सुटत नाही.

तुम्हाला त्या मुलाच्या आईला फोन करून माफी मागायचीय असं लिहिलंत. तुमचं मन मला कळतं, आणि माफी मागायलाच हवी, पण आत्ता नको. ओंटारियोत दिवाणी दाव्यात माफी म्हणजे चुकीची कबुली धरत नाहीत, फौजदारीत मात्र तीच अंगावर येऊ शकते. शिवाय गुन्हा लागून संपर्क करू नये अशी अट पडली आणि मुलाने तुमच्यामार्फत निरोप पाठवला तर तो आणखी एक गुन्हा. वकिलामार्फत योग्य वेळी पत्र द्या, मुलाने स्वतः लिहिलेलं.

पोलिसांना नाव-पत्ता द्यायचा, बाकी वकिलाशी बोलल्याशिवाय एक शब्द नाही, तो त्याचा हक्क आहे. वकिलाकडे जाताना पीआर कार्ड, टीमचं कॉन्ट्रॅक्ट, मॅचचा व्हिडिओ आणि त्या ग्रुपचे स्क्रीनशॉट घेऊन जा, आणि मुलाला एकट्याला आत बसू द्या, तुम्ही बाहेर थांबा, कारण आईसमोर पोरं अर्धंच सांगतात आणि वकिलाला सगळं कळायला हवं.